बेटांवरचे तुफान आणि आमची वर्गणी



समुद्र डोळ्यांनी पाहिलेला नाही असा म्हातारा माणूस आमच्या कोराडीत आजही भेटेल. आमचे पाणी म्हणजे तलाव. त्याच्या काठी जगदंबेचे देऊळ, आणि पलीकडे १९७४ सालापासून वीज देऊ लागलेल्या कारखान्याची धुराडी. नवरात्रात येथे माणसांचा पूर येतो, तेवढाच काय तो आम्हांला ठाऊक असलेला पूर! मुंबईचा किनारा आगगाडीने आठशे किलोमीटरांहून दूर, पूर्वेचा समुद्रही हाकेच्या अंतरावर नाही. अशा गावात उभे राहून बेटांवरच्या तुफानांची गोष्ट सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणीही विचारील.

प्रयोजन आहे ते असे. कोठेही वादळ झाले, गावे वाहून गेली, की चार-आठ दिवसांत आपल्या रस्त्यावर एक मेळावा येतो. पुढे पेटीवाला, मागे गाणारी मुले, आणि मध्ये चार कोपरे धरून ताणलेली एक चादर. गॅलऱ्यांतून नाणी पडतात, कोणी जुनी लुगडी टाकते, कोणी धान्य आणून ओतते. कचेऱ्यांतून एका दिवसाचा पगार कापून घेतला जातो. शाळेत पावतीपुस्तके फिरतात. चादर पुढच्या गल्लीत वळली, की आपले कर्तव्य संपले असे आपण समजतो. त्या पैशाचे पुढे काय झाले, हे विचारणे आपल्याला थोडे असभ्यपणाचेही वाटते. दान दिले, त्याचा हिशेब कसला मागायचा?

आम्हांला मात्र हा हिशेब इतिहासाच्या वहीत पाहावासा वाटला. हिशेब चोरीमारीचा नव्हे, तो पाहायला सरकारी तपासनीस आहेत. आमचा प्रश्न निराळा. बुडालेल्या माणसाला जगविण्यासाठी किती खर्च झाला, आणि त्याला पुन्हा आपल्या पायांवर उभे करण्यासाठी किती? ही दोन खाती वेगळी आहेत. पहिल्या खात्यात पैसा लवकर जमतो. दुसरे खाते उघडलेच पाहिजे हे मनुष्यजातीला फार उशिरा सुचले, आणि सुचल्यावरही पुन:पुन्हा विसरले गेले. आणखी एक गोष्ट अशी, की या कथेचा एक धागा आपल्या नागपुरातून निघतो.

सर रिचर्ड टेंपल हे नाव जुन्या नागपुरात अपरिचित नाही. मध्यप्रांत १८६१ साली बनला आणि पुढच्याच वर्षी टेंपलसाहेब येथे आले. १८६७ पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, प्रांताचे चीफ कमिशनर तेच. ज्याला आपण अजब बंगला म्हणतो ते संग्रहालय १८६३ चे, आणि मुंबईहून आगगाडी नागपुरास पोचली ती १८६७ साली. माणूस मोठा उद्योगी. घोड्यावर बसून प्रांत तुडवायचा आणि पाहिलेले सारे लिहून ठेवायचे, ही त्याची पद्धत. नागपूर सोडल्यावर तो चढत चढत १८७४ साली बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला.

त्या पदावर चढतानाच त्याच्या कपाळी एक डाग लागला होता, आणि तो डाग चांगुलपणाचा होता. १८७३-७४ साली बिहारात अवर्षण पडले, तेव्हा टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि लोकांना सढळ हाताने पोसले. माणसे जवळजवळ मेलीच नाहीत. खर्च झाला सुमारे साडेसहा कोटी रुपये. शाबासकी राहिली बाजूला, विलायतेत त्याच्यावर उधळेपणाचा ठपका आला. माणसे वाचली ती दुष्काळ मुळातच मोठा नव्हता म्हणून, असाही युक्तिवाद झाला. औषधाने रोगी बरा झाला, तर रोगच नव्हता म्हणायचे! या टीकेने टेंपल पोळला, आणि पोळलेला माणूस ताक कसे फुंकून पितो ते पुढे दिसले.

आता १८७६ साल. आपल्या या वसंत व्याख्यानमालांची जननी जी पुण्याची व्याख्यानमाला, ती न्यायमूर्ती रानड्यांनी आदल्याच वर्षी सुरू केली होती. ३१ ऑक्टोबरच्या रात्री मेघना नदीच्या मुखाशी तुफान झाले. ही नदी समुद्राला मिळते तेथे तिने आणलेल्या गाळाची बेटे बनली आहेत. हातिया, संद्वीप, आणि ज्याला आज भोला म्हणतात ते दक्षिण शाहबाजपूर. जमीन तव्यासारखी सपाट, समुद्राच्या पातळीहून जेमतेम वर. मध्यरात्रीच्या सुमारास लोक निजलेले असता वाऱ्याने समुद्र उचलून या बेटांवर आणून टाकला. सकाळी पाणी ओसरले तेव्हा घरे नव्हती, गुरे नव्हती, माणसे नारळी-पोफळींच्या शेंड्यांना अडकलेली. घराभोवती झाडांची दाट राई ठेवण्याची तेथील चाल होती, आणि जी वाचली ती बहुतेक त्या झाडांनीच वाचविली. दहा लाख बासष्ट हजार लोक संकटात सापडले आणि त्यांपैकी दोन लाख पंधरा हजार बुडाले, असा अंदाज खुद्द टेंपलने केला.

टेंपल तातडीने आगबोटीने तेथे गेला, हे त्याच्या श्रेयाकडे मांडलेच पाहिजे. गावोगाव उतरून त्याने पाहणी केली. ठिकठिकाणी लोक भिजलेले धान्य उन्हात वाळवीत बसलेले त्याला दिसले. शेतात भाताचे पीक उभे होते. यावरून त्याने निष्कर्ष काढला, की हे लोक खाऊनपिऊन सुखी आहेत, काटक आहेत, त्यांचे ते सावरतील. सरकारने मोठे मदतकार्य उभारण्याचे कारण नाही. उगीच मदत दिली तर लोक आळशी होतील ही त्या काळच्या अर्थशास्त्राची आवडती भीती होतीच. मग थोडीबहुत मदत झाली आणि काम आटोपते घेण्यात आले.

परंतु तळ्यांत समुद्राचे खारे पाणी शिरले होते, प्रेते कुजत होती, आणि निवारा उरला नव्हता. काही दिवसांतच पटकी सुरू झाली. तिने आणखी सुमारे एक लाख माणसे नेली असे इतिहासकार मानतात. लाटेने मेले ते दैवाने मेले असे म्हणता येईल. पटकीने मेलेल्यांबद्दल तसे म्हणवत नाही. टेंपल हा दुष्ट मनुष्य होता असे आमचे मत नाही. दुष्ट मनुष्य आठवड्याच्या आत चिखल तुडवीत गावे पाहायला जात नाही. त्याने डोळ्यांनी पाहिले ते खरेच होते. लोक धान्य वाळवीत होतेच. पण धान्य असणे आणि घर असणे, पोटात घास असणे आणि नांगराला बैल असणे, या निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या खतावणीत बसले नाही. त्याच्या वहीत जगविण्याचे एकच खाते होते, आणि ते रिकामे ठेवता येते असे त्याला वाटले.

यानंतरचे आपल्याला अधिक जवळचे आहे. १८७७ च्या जानेवारीत, बेटांवरची पटकी पुरती शमलीही नव्हती तोच, टेंपलला दक्षिणेतील दुष्काळावर देखरेख करण्यासाठी पाठविण्यात आले. दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोजचा दर घटून एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा एवढ्यावर आला. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली. सार्वजनिक सभेने अर्जांवर अर्ज केले. सभेचे आधारस्तंभ गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि रानडे यांची ती धामधूम प्रसिद्ध आहे. त्याच साली टेंपल मुंबईचा गव्हर्नर झाला.

मद्रासेकडे मात्र एक नवी गोष्ट घडली. तेथील गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम याने ऑगस्ट १८७७ मध्ये सरळ लंडनच्या लॉर्ड मेयरकडे मदतीची हाक घातली. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांना ते मुळीच रुचले नाही. पण लंडनच्या मॅन्शन हाउसमध्ये फंड उघडला गेला आणि लक्षावधी पौंड जमले. विल्यम डिग्बी हा पत्रकार मद्रासेच्या कमिटीचा चिटणीस होता. अन्नछत्र सरकारने चालविलेच होते, म्हणून या वर्गणीतला पुष्कळ पैसा छप्पर शाकारण्यासाठी, बियाण्यासाठी, बैलांसाठी वाटला गेला. दुसरे खाते उघडले ते असे, सरकारच्या नाराजीत आणि परक्यांच्या वर्गणीतून.

वीस वर्षांनी पाळी आपल्यावर आली. १८९६-९७ चा दुष्काळ मध्यप्रांताला फार जाचला, आणि त्यातून मान वर काढतो न काढतो तोच १८९९-१९०० चा आला. जुनी माणसे छप्पनचा दुष्काळ म्हणत तो हाच, विक्रम संवत १९५६ चा. या दुसऱ्या दुष्काळात एकट्या मध्यप्रांतात वीस लाखांवर माणसे सरकारी मदतीवर जगत होती. १८९७ च्या आरंभी सर्व हिंदुस्थानाकरिता धर्मादाय दुष्काळ फंड निघाला, त्यात दीड कोटीहून अधिक रुपये जमले. त्यापैकी साडेपाच लाख पौंड लंडनच्या मॅन्शन हाउसमधून आले. इंग्लंड हेही बेटच! १९०० साली बोअर युद्धामुळे विलायतेचा हात आखडला, तरी फंड पुन्हा निघाला. अमेरिकेतून मक्याने भरलेले ‘क्विटो’ नावाचे जहाज मुंबईला आले. ज्यांना नागपूर कोठे आहे हे ठाऊक नव्हते, अशा शेतकऱ्यांनी तो मका दिला होता.

या फंडाची चार उद्दिष्टे ठरविली होती. सरकारी शिधा मिळत असलेल्यांना वरकड लागणाऱ्या वस्तू देणे, पोरक्या मुलांचा सांभाळ, मागायला बाहेर न पडणाऱ्या अब्रूदार कुटुंबांना गुप्तपणे साहाय्य, ही तीन. चौथे उद्दिष्ट असे, की ज्याचे सर्वस्व गेले त्याला पुन्हा मूळच्या स्थितीला आणून संसाराचा नवा आरंभ करून द्यावा. आणि फंडाचा मोठा भाग या चौथ्या उद्दिष्टावरच खर्च झाला. पाऊस पडताच कुणब्याच्या हाती बैलजोडीचे व बियाण्याचे पैसे पडले. बैल नसलेल्या शेतकऱ्याला पोटभर जेवू घातले तरी तो पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याच दारात उभा राहणार, हे अखेर कागदावर आले. टेंपलच्या वहीत नव्हते ते खाते टेंपलच्याच जुन्या प्रांतात उघडले गेले. आपल्या पणजोबांच्या गोठ्यात त्या फंडाचा बैल होता की नाही कोण जाणे! पण आज आपण चादरीत पैसा टाकतो तेव्हा आपण उपकार करतो असे समजण्याचे कारण नाही. आपण देणे फेडीत आहोत.

वर्गणी म्हणजे केवळ आपत्तीत टाकायची भीक नव्हे, ही कल्पना त्याच काळात महाराष्ट्रात रुजत होती. अंताजी दामोदर काळे या शिक्षकाने दरमाणशी एक पैसा मागून पैसाफंड उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्या कथेत येथे शिरत नाही. पण पैशापैशाने जमलेल्या द्रव्यातून टिकाऊ वस्तू उभी राहते, हे आमच्याच लोकांनी दाखविले होते एवढे ध्यानात असू द्यावे.

आता पुन्हा त्याच बेटांकडे. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री मेघनेच्या मुखाशी तसेच तुफान, तशीच लाट. मेले तीन ते पाच लाख. मोजदाद करायलाही माणसे उरली नव्हती. जगातून मदत आली. पण आम्हांला सांगावेसे वाटते ते एका तरुण हिशेबनिसाचे. फजले हसन आबेद हा चितगावात शेल तेल कंपनीत मोठ्या पगारावर होता. त्याने व त्याच्या मित्रांनी मनपुरा नावाच्या एका बेटाची निवड केली. सगळ्यांना थोडेथोडे वाटण्याऐवजी एक बेट धरले, तेथे घरे बांधायला लागले. मग युद्ध आले. आबेद लंडनला गेला, तेथून लढ्याला साहाय्य करू लागला, आणि देश स्वतंत्र झाल्यावर लंडनमधले स्वतःचे घर विकून त्या पैशाने त्याने १९७२ साली सिल्हेटकडील सुल्ला भागात परत आलेल्या निर्वासितांसाठी काम उभारले. त्यातूनच ‘ब्राक’ ही संस्था झाली आणि ती पुढे जगातील सर्वांत मोठ्या सेवासंस्थांत गणली गेली. मनपुराच्या चिखलात तो शिकला ते असे, की तांदळाची पोती उतरवून बोट परत फिरली म्हणजे बेटावर काहीच बदललेले नसते.

याच संकटाशी निगडित असलेला दुसरा प्रकार उलट दिशेचा. तुफान आणि युद्ध यांनी गांजलेल्यांसाठी पंडित रविशंकरांच्या मनात एक कल्पना आली आणि त्यांचे मित्र जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला संगीताचे दोन जलसे केले. अली अकबर खाँ, अल्लारखाँ साथीला. तिकिटांचे दोन लाख त्रेचाळीस हजारांवर डॉलर तत्काळ युनिसेफकडे गेले. परंतु पुढे निघालेल्या ध्वनिमुद्रिकांचा कित्येक पट मोठा पैसा करखात्याच्या तिढ्यात दहा वर्षे अडकून पडला, कारण आधी रीतसर संस्था नेमून काम केले नव्हते. हेतू सोन्यासारखा, पण कागद कच्चा. पावतीपुस्तक हे किती मोठे दैवत आहे ते अशा वेळी समजते. आमच्या गावातील हिशेबी मंडळींची आम्ही पुष्कळदा थट्टा केली आहे, ती येथे मागे घेतो.

परदेशच्या बेटांविषयी पुष्कळ झाले. आपल्या कृष्णेचे एक बेट आहे. महाबळेश्वरी उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली, नरसोबाची वाडी करीत जी नदी आंध्रात जाते, तिच्या मुखाशी दोन फाट्यांमध्ये दिवी नावाचा सखल, सुपीक प्रदेश आहे. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी तेथे समुद्र कित्येक मैल आत घुसला. मृतांचा सरकारी आकडाच दहा हजारांच्या घरातला. नागपूरहून तेथे जाणे कठीण नाही, ग्रँड ट्रंक एक्सप्रेस आपल्याला विजयवाड्यास सोडते आणि तेथून अवनिगड्डा जवळच. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, रामकृष्ण मिशनचे संन्यासी, ख्रिस्ती संस्थांचे लोक, सगळेच तेथे पोचले. कुजलेली प्रेते उचलण्याचे काम ज्यांनी केले त्यांची जात किंवा पंथ कोणी विचारला नाही. तेलुगू चित्रपटांतील दोन राजे, एन. टी. रामाराव आणि अक्किनेनी नागेश्वरराव, झोळी घेऊन गावोगाव फिरले. चित्रपटात देव झालेला नट भिक्षेकरी होऊन दारात उभा राहिल्यावर झोळी का भरणार नाही?

पण त्या खाऱ्या जमिनीचे काय? मीठ धुऊन निघायला पाऊसकाळ लागतात. गवती झोपड्यांच्या जागी पक्की घरे, आणि पुन्हा लाट आली तर वर चढून बसता येईल असे उंच निवारे, ही कामे नंतर वर्षानुवर्षे चालली. झोळीवाल्या मिरवणुकीचे छायाचित्र सर्वांनी पाहिले. निवाऱ्याच्या जिन्याचे छायाचित्र कोणी छापत नाही. पुढच्या वादळात माणसे वाचतात ती त्या जिन्याने.

घर बांधून दिले म्हणजे सारे झाले काय? नाही, असे निकोबार सांगते. २६ डिसेंबर २००४ ची लाट वादळाची नव्हती, भूकंपाची होती, पण बेटवाल्याला तो भेद काय कामाचा? अंदमान-निकोबारात साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. भारतभरच्या चादरी या वेळी भरभरून वाहिल्या, महाराष्ट्राच्याही. पैशाची ददात नव्हती. प्रथम पत्र्याचे तात्पुरते निवारे आले. विषुववृत्ताजवळच्या उन्हात पत्रा! नागपूरकरांना त्याचे वर्णन करून सांगायला नको. या तात्पुरत्या भट्ट्यांत लोकांनी वर्षे काढली. मग मुख्य भूमीवरून सामान आणून सुमारे पावणेदहा हजार कायमची घरे उभारली गेली. निकोबारी माणसाचे जुने घर खांबांवर उचललेले, गवताने शाकारलेले, वारा खेळता. त्याचे कुटुंब म्हणजे ‘तुहेत’, शंभर शंभर माणसांचे, नारळाची बाग सामाईक, डुकरे सामाईक. नुकसानभरपाई मात्र एकेका नावावर, एकेका बँकखात्यात गेली, आणि घरे मिळाली नवराबायको-मुलांच्या मापाची. ज्यांच्यात पैशाला फारसे काम नव्हते त्यांच्यात पैशावरून तंटे झाले. येथे दुसरे खाते उघडले होते, त्यात रक्कमही होती, फक्त ज्याच्या नावे ते होते त्याला कोणी विचारले नव्हते. टेंपलने बेटवाल्यांना पाहिले पण विचारले नाही. सव्वाशे वर्षांनी, स्वराज्यात, आम्हीही तेच केले.

आणि परके कशाला, आमच्याच कोकणात ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरावरून गेले. टाळेबंदीचे दिवस, मिरवणूक काढायचीही सोय नव्हती. राज्य सरकारने मदतीचे दर वाढविले. पुरते पडलेल्या घरासाठी दीड लाख आणि बागायतीसाठी हेक्टरी पन्नास हजार. ऐकायला बरे वाटते. परंतु श्रीवर्धनची रोठा सुपारी पिकते ती काही गुंठ्यांच्या वाड्यांत, हेक्टरांत नव्हे. वाडीवाले म्हणू लागले, आमची जमीन मोजू नका, आमची झाडे मोजा. विदर्भातल्या माणसाला हे चटकन समजेल, कारण संत्र्याचा बागवान हेच म्हणतो. हेक्टर उन्मळून पडत नाही, झाड पडते. मेघनेच्या बेटांवर माणसांना शेंड्यावर झेलून धरणारी तीच ही पोफळ. ती लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. २०२० च्या पावसात ज्याने रोप लावले, त्याने ती सारी वर्षे आळे करून पाणी घातले आहे, आणि वाडीच्या गड्याला मजुरी दिली आहे ती दुसरीकडून मिळवून आणून.